वाटेवरचा माणूस : अमली पदार्थांच्या वादातून कोण गळून पडतं?

(व्याख्यानमालेतल्या चौथ्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तिथे तसाच ठेवला आहे.)



आज सुरुवात एका उधारीपासून करतो. गेल्या वेळी आपण जॉन स्टुअर्ट मिलच्या 'ऑन लिबर्टी'वर बोललो होतो. दुसऱ्याला इजा होत नसेल तर माणसाच्या वागण्यात समाजानं आणि सरकारनं हात घालू नये, हे मिलचं सूत्र. आम्ही ते तीसेक वर्षं वर्गात शिकवलं, आणि त्या दिवशी इथेही त्याच उत्साहानं मांडलं. शेवटी प्रश्नांच्या वेळी मागच्या रांगेतले एक गृहस्थ उभे राहिले. साठीच्या पुढचे असावेत. म्हणाले, "सर, माझा मुलगा एमडी घेतो. तीन वर्षं झाली. तुमच्या हिशेबानं तो त्याचा स्वतःचा प्रश्न. मग रात्री दोन वाजता पैशासाठी आमचं दार वाजवायला जी माणसं येतात, ती कोणाचा प्रश्न?"

आम्ही पटकन उत्तर दिलं. "ते पदार्थ कायदेशीर मिळाले असते तर ती माणसं तुमच्या दारात आलीच नसती." सभागृहात टाळ्या पडल्या. गृहस्थ काही न बोलता खाली बसले.

त्या टाळ्या आम्हाला नंतर बरेच दिवस टोचत राहिल्या. उत्तर अगदीच चूक होतं असं नाही. पण त्या माणसानं विचारलं एक आणि आम्ही सांगितलं भलतंच. म्हणून आजचा विषय ठरलेला बदलून हा घेतला आहे. ज्या देशांत या प्रश्नाची किंमत हजारो मढ्यांनी मोजली गेली, त्या कोलंबिया आणि मेक्सिकोकडे बघायचं, आणि तिथल्या हिंसेबद्दल आपण ज्या गोष्टी ऐकतो आणि जे युक्तिवाद करतो त्यांची जरा झडती घ्यायची. दोन कथनं आणि दोन युक्तिवाद. आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो : या चारांपैकी तिन्हींमध्ये फक्त दोन माणसं दिसतात. तिसरा माणूस, म्हणजे ज्याच्या दारावरून हा व्यापार जातो तो, गळून पडतो. चौथ्यात तो दिसतो, पण तिथेही पुरता नाही.

आधी कथनं.

'नार्कोस' ही मालिका तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. २०१५ साली नेटफ्लिक्सवर आली. पाब्लो एस्कोबार हा मेडेलिन शहरातला कोकेनचा म्होरक्या, आणि त्याच्या मागावर असलेले अमेरिकेच्या अंमली पदार्थविरोधी खात्याचे दोन अधिकारी. आमच्या नातवानं आग्रह केला म्हणून आम्हीही पाहिली, आणि खरं सांगायचं तर एका बैठकीत चार-चार भाग पाहिले. मालिका उत्तम बांधलेली आहे. वाग्नर मौरा या ब्राझिलियन नटानं उभा केलेला एस्कोबार तर लक्षात राहतोच राहतो. थकलेला, पोट सुटलेला, घरात प्रेमळ आणि बाहेर निर्दय.

मग तक्रार काय? तक्रार अशी की ही गोष्ट आपल्याला सांगतो कोण, तर अमेरिकन अधिकारी. पडद्यामागून त्याचाच आवाज येत राहतो. त्यामुळे सगळी गोष्ट शिकारी आणि सावज यांची होऊन बसते. पुढचा प्रश्न एकच उरतो : सापडणार का? आणि ज्या क्षणी आपण हा प्रश्न विचारू लागतो, त्या क्षणी मधली माणसं देखावा होतात. बॉम्ब फुटतो, काचा उडतात, रस्त्यावर काही जण पडलेले दिसतात, आणि कॅमेरा परत फरारी माणसाच्या चेहऱ्याकडे. २७ नोव्हेंबर १९८९ रोजी आव्हियांका कंपनीचं प्रवासी विमान हवेत उडवलं गेलं. विमानातले सगळे १०७ आणि जमिनीवरचे तीन जण मेले. ज्याला मारायचं होतं तो राजकारणी त्या विमानात नव्हताच. मालिकेत हा प्रसंग आहे, ताणून रंगवलेला आहे, पण त्याचं काम कथानकाला पुढे ढकलण्याचं. ११० घरांत दुसऱ्या दिवशी काय झालं, हे विचारायला मालिकेला सवड नाही.

कुणी म्हणेल, सर, करमणुकीकडून एवढी अपेक्षा कशाला? ठीक आहे, नका ठेवू. पण परिणाम बघा. एस्कोबारचं चित्र असलेले टी-शर्ट आज जगभर विकले जातात. मेडेलिनमध्ये त्याची मोनाको नावाची इमारत होती, तिच्यासमोर पर्यटक फोटो काढायचे. शेवटी २०१९ च्या फेब्रुवारीत शहरानं ती इमारत पाडली आणि तिथे स्मारक-उद्यान उभं केलं. १९८३ ते १९९४ या काळात या हिंसेत बळी पडलेल्या ४६ हजारांहून अधिक माणसांसाठी. एखाद्या शहराला जेव्हा आपल्याच आठवणीसाठी इमारत पाडावी लागते, तेव्हा गोष्ट सांगण्याची पद्धत हा केवळ रुचीचा मामला राहत नाही.

आता दुसरं कथन. गाब्रिएल गार्सिया मार्केस यांचं 'न्यूज ऑफ अ किडनॅपिंग', मूळ स्पॅनिश १९९६ चं. ही कादंबरी नाही, वृत्तकथन आहे. मार्केस मुळात पत्रकार होते हे आपण त्यांच्या कादंबऱ्यांच्या झगमगाटात विसरतो. १९९० च्या ऑगस्टपासून पुढच्या काही महिन्यांत एस्कोबारच्या लोकांनी दहा जणांना पळवून नेलं. बहुतेक पत्रकार किंवा बड्या घरांतली माणसं. हेतू सरळ होता : कोलंबियाच्या गुन्हेगारांना अमेरिकेच्या ताब्यात देण्याचा कायदा रद्द व्हावा म्हणून सरकारचा गळा धरायचा. ओलिसांपैकी दोघी जिवानिशी गेल्या. त्यातली एक दियाना तुर्बाय, माजी राष्ट्राध्यक्षांची मुलगी, २५ जानेवारी १९९१ रोजी पोलिसांच्या सुटकेच्या धाडीत गोळी लागून मेली.

इथे कॅमेरा कुठे आहे बघा. एस्कोबार या पुस्तकात फार उशिरा येतो. जवळजवळ सगळा वेळ आपण खोलीत आहोत. माणसांनी भरलेली छोटी खोली, खिडक्या बंद, आवाज काढायचा नाही, संडासाला जायला परवानगी मागायची, आणि टीव्हीवर आपल्याच घरच्यांना आपल्यासाठी विनवण्या करताना बघायचं. खोलीत पहारेकरीही आहेत. कोवळी पोरं. त्यांना ठाऊक आहे की आपण फार जगणार नाही, आणि त्यांनी ते मान्य करून टाकलेलं आहे. मार्केस त्यांना राक्षस करत नाहीत आणि त्यांच्याबद्दल गळाही काढत नाहीत. ती पोरं ओलिसांना धमकावतात, त्यांच्याशी बोलतात, देवाची प्रार्थना करतात आणि पुन्हा बंदूक रोखतात.

या पुस्तकातून हिंसेची जी समज मिळते ती आम्हाला कुठल्याही धोरण-अहवालातून मिळालेली नाही. ती अशी : टोळीचं खरं भांडवल कोकेन नसतं. मरायला तयार असलेली पोरं आणि घाबरलेलं सरकार हे तिचं भांडवल असतं. कोकेन पैसा पुरवतं, तो पैसा ही पोरं पुरवतो. १९ जून १९९१ रोजी कोलंबियाच्या घटनासभेनं हस्तांतरणावर बंदी घालण्याचं मतदान केलं आणि त्याच दिवशी एस्कोबार शरण आला. स्वतःच्या सोयीनं उभारलेल्या तुरुंगात राहायला गेला, वर्षभरानं तिथून निसटला, आणि डिसेंबर १९९३ मध्ये मारला गेला. त्याच्या मरणानं कोकेनचा व्यापार थांबला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मोजणीप्रमाणे २०२३ साली कोलंबियात २ लाख ५३ हजार हेक्टरवर कोकाची लागवड होती. मोजणी सुरू झाल्यापासूनचा तो तोवरचा उच्चांक होता.

तरी या पुस्तकावरही आमचा एक आक्षेप आहे, आणि तो पुढच्या युक्तिवादासाठी लागणार आहे. पुस्तकाच्या पहिल्याच प्रसंगात मारुखा पाचोन आणि त्यांची नणंद बेआत्रिस यांना गाडीतून पळवलं जातं. त्यांचा ड्रायव्हर गोळ्या घालून मारला जातो. पुढची शेकडो पानं आपण दोघींच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या घालमेलीत घालवतो. राष्ट्राध्यक्षांचे फोन, मंत्र्यांच्या बैठका, टीव्हीवरच्या वृद्ध पाद्र्याची मध्यस्थी. ड्रायव्हरच्या वाट्याला फारच थोडी जागा येते. मार्केस यांनी हे मुद्दाम केलं असं आम्ही म्हणत नाही. मारुखा आणि त्यांच्या नवऱ्यानंच त्यांना हे पुस्तक लिहायला सुचवलं होतं, साधनंही त्यांच्याकडून आली. पण ज्यांच्यासाठी राष्ट्राध्यक्ष फोन उचलतात त्यांची कहाणी लिहिली जाते, आणि गाडी चालवणाऱ्याची राहते. इतका मोठा लेखक आणि इतकं सहृदय पुस्तक, तरी हे घडतं. मग आपल्यासारख्यांच्या चर्चेत काय होत असेल?

आता युक्तिवादांकडे.

पहिला युक्तिवाद युद्धाचा. १९७१ च्या जूनमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी अमली पदार्थांचं व्यसन हा देशाचा पहिल्या क्रमांकाचा शत्रू आहे असं जाहीर केलं, आणि तेव्हापासून 'युद्ध' हा शब्द या विषयाला चिकटला. शब्दाचीच थोडी तपासणी करू, तो आमचा धंदाच आहे. युद्धाला शत्रू लागतो. शत्रूला हरवता येतं, तो शरण येतो, तह होतो. आता या युद्धात शरण कोणी यायचं? म्होरक्या मारला तर त्याची जागा रिकामी होते आणि ती भरायला चार जण एकमेकांच्या जिवावर उठतात. एका खोऱ्यातली शेती जाळली तर ती दुसऱ्या खोऱ्यात उगवते. मागणी ही कुठल्या किल्ल्यात बसलेली नसते की तिला वेढा घालावा. म्हणजे ज्याला संपण्याची अटच नाही अशा कामाला आपण युद्ध म्हणतो. आणि एकदा युद्ध म्हटलं की युद्धात जे चालतं ते सगळं चालवून घेतलं जातं.

मेक्सिकोत हे प्रत्यक्ष घडलं. फेलिपे काल्देरोन १ डिसेंबर २००६ ला अध्यक्ष झाले आणि दहाच दिवसांनी त्यांनी मिचोआकान राज्यात हजारो सैनिक उतरवले. २००७ साली त्या देशात सुमारे ८,९०० खून नोंदले गेले होते. २०११ साली २७ हजारांहून जास्त. म्हणजे चार वर्षांत तिप्पट. काल्देरोन यांचे समर्थक म्हणतात की टोळ्या आधीच माजल्या होत्या, सरकारनं हातावर हात धरून बसायचं होतं का? प्रश्न रास्त आहे, तो उडवून लावू नये. काही नगरपालिका, काही पोलीस ठाणी खरोखरच टोळ्यांच्या खिशात होती. पण ज्या माणसाच्या हाती या मोहिमेची सूत्रं होती, ते सुरक्षामंत्री खेनारो गार्सिया लुना, त्यांनाच पुढे २०२३ मध्ये न्यू यॉर्कच्या न्यायालयानं सिनालोआ टोळीकडून लाच घेतल्याबद्दल दोषी ठरवलं. आता सांगा, या युद्धात दोन बाजू कुठल्या होत्या?

आणि मधल्या माणसाचं काय झालं? २०१० च्या जानेवारीअखेर सिउदाद ख्वारेस या सीमेवरच्या शहरात पोरांचा वाढदिवस चालू होता. बंदूकधारी घुसले, पंधरा जणांना मारलं, बहुतेक विद्यार्थी. अध्यक्ष तेव्हा परदेशात होते. त्यांनी पहिली प्रतिक्रिया दिली ती ही टोळ्यांमधली आपसातली भांडणं असावीत अशा अर्थाची. नंतर ते शहरात आले तेव्हा दोन मुलगे गमावलेली एक आई भर सभेत उभी राहिली आणि तिनं अध्यक्षांना तोंडावर सुनावलं की मी तुमचं स्वागत करू शकत नाही. युद्धाच्या भाषेचा हा खरा दोष आहे. दोनच रकाने असतात, आपले आणि शत्रूचे. जो मेला तो आपला सैनिक नसेल तर दुसऱ्या रकान्यात जातो. आईला मुलाच्या मरणाआधी त्याची अब्रू वाचवावी लागते.

याच सुमाराला एक कवी या वादात उतरला. खाविएर सिसिलिया. मार्च २०११ मध्ये त्याच्या २४ वर्षांच्या मुलाला सहा जणांबरोबर मारून गाडीत टाकलं गेलं. सिसिलियानं मुलासाठी शेवटची कविता लिहिली आणि यापुढे कविता लिहिणार नाही असं जाहीर केलं. मग तो चालायला निघाला. मे महिन्यात क्वेर्नावाकाहून राजधानीपर्यंत, मौन पाळून, आणि बरोबर हजारो लोक, हातात आपापल्या मेलेल्या नि हरवलेल्या माणसांचे फोटो. ही चाल आपल्याला ओळखीची वाटते ती उगाच नाही. सिसिलियावर लांझा देल वास्तो या इटालियन विचारवंताचा प्रभाव आहे, आणि हा लांझा देल वास्तो १९३७ साली वर्ध्याला येऊन गांधीजींकडे राहिला होता. गांधीजींनी त्याचं नाव ठेवलं शांतिदास. वर्ध्याहून निघालेली एक वाट अशी मेक्सिकोत पोचली.

त्या जूनमध्ये सिसिलिया आणि इतर कुटुंबं चापुल्तेपेकच्या राजवाड्यात अध्यक्षांसमोर बसली. सगळ्या देशानं ते टीव्हीवर पाहिलं. कवीनं काय मागितलं? टोळ्यांना सोडून द्या असं नाही. त्यानं मागितलं की मेलेल्यांची नावं घ्या आणि त्यांची माफी मागा. आम्हाला वाटतं, त्या दालनात या प्रश्नावरचं सर्वांत नेमकं तत्त्वज्ञान बोललं गेलं. आकड्यातून माणूस बाहेर काढणं ही धोरणाची पहिली पायरी आहे, शेवटची सजावट नव्हे.

आता दुसरा युक्तिवाद, जो आमचा स्वतःचा होता. कायदेशीर करून टाका, टोळ्यांचा पैसा आटेल. इथे आम्हाला मिलकडे परत जायला हवं, आणि थोडं शरमेनं. 'ऑन लिबर्टी'च्या पाचव्या प्रकरणात मिल उदाहरणं देतो, आणि त्यात एक उदाहरण चीनमध्ये अफू आणण्यावरच्या बंदीचं आहे. त्याचं म्हणणं असं की अशी बंदी आक्षेपार्ह आहे, आणि ती विक्रेत्याच्या नव्हे तर खरेदीदाराच्या स्वातंत्र्यावर घाला घालते म्हणून. आम्ही हे वाक्य वर्षानुवर्षं शिकवलं. पण पुस्तक आलं १८५९ साली, म्हणजे चीनशी दुसरं अफूयुद्ध चालू असताना. आणि मिल १८२३ पासून १८५८ पर्यंत नोकरी कुठे करत होता? ईस्ट इंडिया कंपनीत. बंगालच्या अफूची मक्तेदारी ज्या कंपनीकडे होती त्या कंपनीत. ही गोष्ट आम्ही वर्गात कधी सांगितली नाही. माहीत नव्हती असं नाही. तिचा युक्तिवादाशी संबंध नाही असं वाटायचं.

संबंध आहे. आणि तो आपल्या मुंबईशीही आहे. बंगालची अफू कंपनीची, तशी माळव्याची अफू शिंदे-होळकरांच्या मुलखातून मुंबईच्या बंदरात यायची आणि तिथून चीनला जायची. मुंबईच्या कितीतरी पेढ्यांचं भांडवल त्यातून उभं राहिलं. जमशेटजी जीजीभॉय यांची दानत आपण जे.जे. रुग्णालयाच्या नावानं रोज आठवतो, ती आठवावीच. पण त्या संपत्तीत कापसाबरोबर अफूही होती. म्हणजे अमली पदार्थांचा व्यापार पूर्ण कायदेशीर असेल, करही भरला जात असेल, तर तो कसा दिसतो, याचं उदाहरण इतिहासात आहे. तो आरमारासकट आला. टोळी नव्हती, कंपनी होती.

एकोणिसाव्या शतकाचं राहू द्या, आजचं घ्या. अमेरिकेतली ओपिऑइडची साथ सुरू झाली ती पर्ड्यू फार्मा या कंपनीच्या ऑक्सिकॉन्टिन या गोळीसारख्या औषधांपासून. ती गोळी १९९६ साली बाजारात आली, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, दुकानातून, पावती घेऊन. दिशाभूल करणाऱ्या प्रचाराबद्दल कंपनीनं २००७ मध्ये गुन्हा कबूल केला, २०२० मध्ये पुन्हा. गोळ्या मिळणं कठीण झालं तेव्हा लोक हेरॉइनकडे वळले आणि मग मेक्सिकोतून येणाऱ्या फेंटानिलकडे. २०२१ ते २०२३ या काळात अमेरिकेत अतिसेवनानं दर वर्षी एक लाखाहून अधिक माणसं मेली. म्हणजे कायदेशीर दुकानानं गिऱ्हाईक तयार केलं आणि बेकायदा दुकानानं ते उचललं. 'कायदेशीर की बेकायदा' एवढ्याच प्रश्नात ही साखळी सापडत नाही.

आणखी एक गोष्ट. टोळीचा पैसा आटेल असं आम्ही म्हणत होतो. २०१२ पासून अमेरिकेची एकेक राज्यं गांजाला परवानगी देत गेली. मेक्सिकोतला गांजा पिकवणाऱ्यांचा धंदा खरोखर बसला. टोळ्या बसल्या का? त्या मिचोआकानमध्ये ॲव्होकाडो आणि लिंबाच्या बागायतदारांकडून खंडणी घेऊ लागल्या, तेलवाहिन्यांना भोकं पाडून इंधन विकू लागल्या, स्थलांतरितांना पळवू लागल्या. कारण मार्केस यांच्या पुस्तकातली ती गोष्ट : भांडवल पोरं आणि भीती हेच आहे. माल बदलता येतो.

तर मग कायदेशीर करू नये असं आमचं म्हणणं आहे का? नाही. घाईनं बाजू बदलणं ही आणखी एक चूक होईल. इथे शब्द वेगळे करायला हवेत, कारण या वादात निम्मा गोंधळ शब्दांचा आहे. निर्गुन्हेगारीकरण म्हणजे जवळ थोडा माल सापडला म्हणून तुरुंगात न टाकणं. विक्री मात्र गुन्हाच. कायदेशीरकरण म्हणजे विक्रीलाही परवाना. आणि नियमन म्हणजे परवाना असला तरी जाहिरात, किंमत, नफा, दुकान यांवर लगाम. पोर्तुगालनं २००१ साली पहिली गोष्ट केली. दहा दिवसांच्या वापराइतका माल सापडला तर माणूस न्यायालयात जात नाही, तीन जणांच्या समितीपुढे जातो. गरज असेल तर उपचाराकडे. अतिसेवनाचे मृत्यू आणि एचआयव्हीचा प्रसार खाली आला. पण श्रेय नुसत्या कायद्याचं नव्हे, त्याच्या जोडीला उभ्या केलेल्या उपचारव्यवस्थेचं. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यानं २०२० च्या सार्वमतानं असाच कायदा केला, उपचारकेंद्रांचा पैसा उशिरा पोचला, रस्त्यावर फेंटानिल आलं, आणि २०२४ मध्ये विधिमंडळानं माघार घेतली. दोन्ही उदाहरणं दोन्ही पक्ष आपापल्या सोयीनं वापरतात. आम्हाला त्यातून एवढंच दिसतं की शिक्षा काढून घेतली तर तिच्या जागी काहीतरी ठेवावं लागतं. रिकामी जागा रिकामी राहत नाही.

आणि लक्षात घ्या, पोर्तुगालच्या यशानंही कोलंबियातल्या ड्रायव्हरचं काही बदललं नाही. घेणारा सुधारला, घेणाऱ्याचा देश सुधारला. माल येतो तो त्याच वाटेनं. म्हणजे मिलच्या सूत्रात आणि निक्सनच्या युद्धात वरवर दोन टोकांचं अंतर आहे, पण एका बाबतीत ते सख्खे भाऊ आहेत. मिलला दिसतात विकणारा आणि घेणारा. निक्सनला दिसतात पोलीस आणि चोर. मेक्सिकोतल्या खेड्यात राहणारी बाई, जी ना विकते ना घेते, तिला दोघांच्याही हिशेबात घर नाही.

तिला कोण दिसतं ते सांगतो. मेक्सिकोत बेपत्ता म्हणून नोंदलेल्या माणसांचा आकडा २०२२ मध्ये एक लाखाच्या वर गेला. त्यांच्या आयांचे गट आहेत, शोध घेणाऱ्या आया असंच त्यांना म्हणतात. हातात लोखंडी सळई. माळरानात जमीन भुसभुशीत लागली की सळई आत ठोकायची, बाहेर काढायची आणि टोकाचा वास घ्यायचा. २०१६ च्या मातृदिनाला बेराक्रूझमध्ये अशा आया मोर्चानं चालल्या होत्या. कुणीतरी त्यांच्या हातात हातानं काढलेला नकाशा दिला आणि निघून गेलं. त्या नकाशावरून त्यांनी खणलं. वर्षभरात अडीचशेहून जास्त कवट्या निघाल्या. सरकारच्या तपासातून हे निघालं नव्हतं. बायकांनी वर्गणी काढून मजूर लावले होते.

आम्हाला आता असं वाटतं की या विषयावरच्या प्रत्येक धोरणाची परीक्षा या सळईच्या टोकाशी घ्यावी. म्हणजे काय? कुठलाही उपाय सुचवला की विचारायचं, यानं वाटेवरच्या माणसाचं काय होईल? हा प्रश्न विचारला की चर्चेतली काही दुर्लक्षित कलमं एकदम पुढे येतात. बंदुकांचं कलम, उदाहरणार्थ. मेक्सिकोत जप्त होऊन ज्यांचा माग काढला जातो त्यांतल्या बहुसंख्य बंदुका अमेरिकेतून आलेल्या असतात. मेक्सिकोनं अमेरिकी बंदूक कंपन्यांवर दावा लावला, तो २०२५ च्या जूनमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं फेटाळला. किंवा बँकांचं कलम. एचएसबीसी बँकेतून मेक्सिकोतल्या टोळ्यांचा पैसा फिरला, २०१२ मध्ये बँकेनं १.९ अब्ज डॉलर भरून प्रकरण मिटवलं, कुणी अधिकारी तुरुंगात गेला नाही. माल उत्तरेला जातो, बंदुका आणि पैसा दक्षिणेला येतो. वाद मात्र सगळा मालावर. आणि शेवटचं कलम, ज्याला काही चटकदार नाव नाही : खुनाचा तपास. मेक्सिकोत बहुतेक खुनांचा तपास शिक्षेपर्यंत पोचतच नाही. गांजा कायदेशीर असो की बेकायदा, खून तर दोन्हीकडे बेकायदाच आहे ना? त्याची शिक्षा होत नसेल तर टोळीला नवा माल शोधायला कितीसा वेळ लागणार?

आमच्यावर एक आक्षेप येईल, तो आधीच घेतो. सर, तुम्ही सहानुभूतीला धोरण म्हणताय. धोरणाला मोजमाप लागतं, आईचा टाहो नाही. मान्य, मोजमाप लागतं. पण काय मोजायचं हे आधी ठरवावं लागतं, आणि ते ठरवताना आपण कुठे उभे आहोत हे महत्त्वाचं असतं. पन्नास वर्षं जप्त केलेला माल किलोत मोजला. पकडलेली माणसं मोजली. आपल्याकडेही वर्तमानपत्रात छाप्याची बातमी येते ती मालाच्या कोटींत. किती घरांची दारं रात्री वाजायची थांबली, हे कोणी मोजलं?

तर आता ती उधारी. आपल्याकडच्या १९८५ च्या कायद्यात सेवन करणाऱ्यालाही शिक्षा आहे, आणि त्याच कायद्यात स्वतःहून उपचाराला गेलेल्या व्यसनीला खटल्यातून सूट मिळण्याची तरतूदही आहे. त्या गृहस्थांना आम्ही त्या दिवशी किमान एवढं सांगायला हवं होतं. ते उपयोगाचं होतं. मुलाला घेऊन कुठे जावं हे विचारायला हवं होतं. आणि दार वाजवणारी माणसं हा कोणाचा प्रश्न, तर तो तुमच्या मुलाचा नाही आणि तुमचाही नाही, तो खंडणीचा साधा गुन्हा आहे, त्याची फिर्याद घेणं हे पोलिसांचं काम आहे आणि ते होत नसेल तर आम्ही तुमच्याबरोबर ठाण्यात येतो, असं म्हणायला हवं होतं. आम्ही त्याऐवजी मिल सांगितला.

ते आज सभागृहात दिसत नाहीत. ध्वनिमुद्रण कदाचित ऐकतील. आयोजकांकडे आमचा नंबर आहे, त्यांनी जरूर घ्यावा.

आता तुमचे प्रश्न घेऊ. आज उत्तरं सावकाश देईन, आणि टाळ्या नकोत.